थंड नळी

मोंटानातले नेमबाज मेलेली नळी फेकून देत नाहीत. गोळीला फिरकी देणारे आतले आटे जळून गेले की रायफलीची नळी काढतात आणि परसात टोमॅटोच्या झाडाला आधार म्हणून रोवतात. रोंडा हालव्हर्सनच्या वाफ्यात अशा नळ्यांची रांगच होती, आणि सगळ्या तिच्याच. तिच्या वडिलांची, अर्नची, त्यात एकही नव्हती.

अर्न जन्मभर एकच जुनं, मंद काडतूस वापरत आला. त्याची रायफल एकाच नळीवर म्हातारी झाली. रोंडाचं काडतूस तापट: दारू भरपूर, गोळी बारीक. अशी गोळी वाऱ्याला भीक घालत नाही, पण तिच्यामागची आग पोलाद चाटून जाते. "एवढं गरम काडतूस वापरायचं, तर नळी दुसऱ्याची असावी," अर्न तिला चिडवायचा. खोऱ्यातल्या नेमबाजीच्या स्पर्धेत, कपासाठी, तो कितीदा तरी दुसरा आला, आणि गेल्या हिवाळ्यात वारला. त्याची रायफल आतून-बाहेरून लख्ख पुसून रोंडाने बैठकीत खुंट्यांवर ठेवली होती. यंदा तिला कप हवाच होता. त्याच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी बंदुका दुरुस्त करणाऱ्या व्हर्नने तिच्या नळीत तपासणीची बारीक दुर्बीण घातली. पडद्यावर आट्यांच्या तोंडाशी भेगाच भेगा होत्या, आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा.

"ही टोमॅटोकडे निघाली, पोरी."

"नवी कधी येते?"

"पुढच्या महिन्यात. उद्या पहिल्या दहांत आलीस तरी स्टेक माझ्याकडून."

"जाडसा आणून ठेव."

स्पर्धेच्या दिवशी ऑगस्टचं ऊन मैदानावरचं गवत करपवत होतं. शेजारच्या जागेवर रायफल घेऊन पालथा पडलेला स्पर्धक ट्रॅव्हिस, त्याने टोपी मागे सारली. "दुसऱ्या नंबरची खुर्ची झटकून ठेवलीय. तुमच्या घरचीच आहे ती."

"तूच बस. दमलेला दिसतोस."

पहिल्या फेरीत तिच्या गोळ्या हजार यार्डांवर मुठीएवढ्या जागेत बसल्या. रोंडाला आधी नशीब वाटलं. मग ध्यानात आलं, रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीपुढची हवा थरथरत नव्हती. एरवी चार-पाच बार झाले की तापलेल्या नळीवरून वाफेसारखी झळ उठते आणि समोरचं लक्ष्य पाण्यात बुडाल्यागत हलतं. आज लक्ष्यावरचा आकडाही स्वच्छ दिसत होता.

तिने नळीला हात लावला. भर दुपारी, उन्हात पडलेलं, बार काढलेलं ते पोलाद विहिरीतल्या कळशीसारखं गार होतं.

दुसऱ्या फेरीत ती मुद्दाम भराभर बार काढत गेली.

नळी गारच राहिली.

ट्रॅव्हिसने टोपी पुन्हा डोळ्यांवर ओढली.

शेवटची गोळी मधल्या ठिपक्यात गेली. मैदानाचा विक्रम मोडला होता. रोंडा उठली आणि दोन्ही हात वर करून मनसोक्त ओरडली. इतका आनंद तिला अर्न गेल्यापासून झाला नव्हता. व्हर्न मिठी मारायला धावत आला, त्याचा हात नळीला लागला, आणि त्याने तो पटकन मागे घेतला.

"रोंडा, तू आत्ता गोळ्या झाडल्यास ना?"

"मोजून बघ की भोकं."

नळी तपासायची त्याची दुर्बीण तिने तिथेच मागून घेतली. त्याने ती पडद्यासकट तिच्या हाती दिली.

घरी कोणी नव्हतं. कप काखोटीला मारून ती आत शिरली आणि दारातच थांबली. बैठकीत बारीक आवाज येत होता. टिक. मग थोड्या वेळाने पुन्हा टिक. तापलेली नळी निवताना असाच आवाज करते.

अर्नच्या रायफलीखालची लाकडी खुंटी करपली होती.

फडक्याने धरून तिने रायफल उतरवली, नळीचं मागचं तोंड उघडलं, दुर्बीण आत घातली. आट्यांच्या तोंडाशी भेगा होत्या, ताज्या. पुढे मात्र त्याने जन्मभर जपलेले आटे अजून लख्ख होते. "कप मिळाला, बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

महिन्याने व्हर्नचा फोन आला. "नवी नळी आलीय. बसवू?"

रोंडाने खुंट्यांवरच्या अर्नच्या रायफलीकडे पाहिलं.

"राहू दे एवढ्यात," ती म्हणाली. "बाबांच्या नळीवर अजून एक हंगाम निघेल."