अंगावरची रुई

दवाखान्यात फुंकायच्या मशीनपुढे आचलचा नंबर आला, आणि तिला धड फुंकताच येईना. मागे बसलेला मुलगा हसला… आणि हसता हसता स्वतःच खोकत सुटला.

"आधी तुमचं पाहा," ती म्हणाली.

"पाहूनच राह्यलो," तो तिच्याकडे बघत म्हणाला.

तो धीरज. हिंगणघाटला त्याच्या वडिलांची जिनिंग होती, कापसातून सरकी वेगळी करायची. ती पवनारची, भाजी पिकवणाऱ्या घरातली, लहानपणापासून दम्याची. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, शरीराच्या रक्षक पेशी साध्या धुळीलाच शत्रू समजून धावून येतात, मग श्वासनळ्या आतून सुजतात. धीरज म्हणाला, या पेशी अगदी त्याच्या आईसारख्या, दारात कोणी आलं की आधी संशय. आचल खूप दिवसांनी मोकळं हसली.

धाम नदीच्या काठी ते भेटू लागले. दिवाळीनंतर जिनिंगवर कापूस येऊ लागला, आणि प्रत्येक भेटीनंतर तिची छाती घरघरू लागली. थंडीमुळे असेल, असं दोघंही म्हणत राहिले. डिसेंबरात तिला भरती करावं लागलं. धीरज भेटायला आला, खाटेवर वाकला, आणि तिला पुन्हा दम लागला. नर्सने त्याच्या स्वेटरवरची रुई चिमटीत उचलून त्याला दाखवली.

पुढे तो आंघोळ करून, कपडे बदलून येऊ लागला. पण घर जिनिंगच्या आवारातच. रुई उशीत, केसांच्या मुळाशी. वडील, तानबा, जन्मभर तीच कापसाची धूळ श्वासात ओढून आता ऑक्सिजनवर होते. काम पाहणारा धीरज एकटाच.

बरी झाल्यावर तिने त्याला नदीवर बोलावलं. धुकं होतं. तो बराच दूर उभा राहिला.

"मी सोडतो जिनिंग."

"अन् बाबूजीले कोण पाहीन?"

त्याने खोटं उत्तर दिलं नाही, म्हणून तो तिला आणखीच आवडला. आणि त्याचंच तिला फार वाईट वाटलं.

"जवळ ये," ती म्हणाली.

"नाई. तुले त्रास होईन."

"होऊ दे… एक डाव."

तो आला. तिने त्याच्या छातीवर डोकं टेकवलं. आत त्याचाही श्वास बारीक शिटीसारखा वाजत होता. तिचा घसा आवळत आला, तरी तिने मिठी सोडली नाही. शेवटी धीरजनेच तिचे हात हळूच सोडवले, तिच्या पिशवीतला दम्याचा पंप काढून तिच्या हातात दिला, आणि त्याच्याकडून तिच्याकडे वारा येणार नाही अशा बाजूला जाऊन, तिचा श्वास पुन्हा नीट होईपर्यंत थांबला.

मग तो हिंगणघाटच्या रस्त्याला लागला.