‘घरी वाचा’ म्हटलेला धडा

दुसऱ्याच्या मोबाइलात डोकावणं वाईटच. पण आपलंच नाव दिसल्यावर कोण सोडील? हातखंब्याच्या तिठ्यावर एसटीची वाट बघताना सानिकानं शेजारच्याच्या मोबाइलकडे तिरकं पाहिलं, आणि हातातला चहाच सांडला. अगं बाई... हा तर तिचाच लेख!

लैंगिक शिक्षण आणि कोवळ्या वयातलं गर्भारपण, यावर तिनं शाळाशाळांतून हिंडून संशोधन केलं होतं. चार दिवसांपूर्वी लेख ऑनलाइन टाकला, आणि खाली नको नको त्या कमेंट आल्या. मुंबईहून दादानं बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत काढून टाक. स्थळं यायची बंद होतील." तिनंही जवळजवळ ठरवलंच होतं.

पण हा कोण? खिशाला लाल पेन, आणि वाचणं इतकं मन लावून... तिला राहवेना.

"काय वाचताय एवढं?"

त्यानं मोबाइल छातीशी धरला. कान लालबुंद! "काही नाही... शाळेचं. मी दर्शन शितप. पालीला विज्ञान शिकवतो."

"मग विज्ञानाच्या सरांना लाजायला काय झालं?"

तो कसनुसा हसला. "दरवर्षी प्रजननाचा धडा आला की मी म्हणतो, घरी वाचा. आणि मुलांना लगोरी खेळायला सोडतो. गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीला दिवस गेले... शाळा सुटली तिची. काही म्हणजे काही माहीत नव्हतं हो तिला." त्यानं मान खाली घातली. "उद्या तोच धडा आहे. या बाईंनी लिहिलंय तसा शिकवणार. तेवढा त्या कमेंट बघून लेख त्यांनी काढू नये."

सानिकाला भरून आलं. तरी मुद्दाम म्हणाली, "बाई आगाऊच दिसतात."

"आगाऊ कसल्या? धीराच्या आहेत! चुकल्यात फक्त एका ठिकाणी. म्हणतात, आयांना हे नको असतं. मी पालकसभेत विचारलं, तर सगळ्या गप्प. पण जाताना एकेक मागं राहून म्हणाली, 'शिकवा हो सर, आमाला कोणी सांगितलान नाय.'"

"किती जणी?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"एकोणीस." तो मिश्कील हसला. "वाटलंच, तुम्ही आकडा विचारणार... सानिका मॅडम."

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"लेखावर फोटो आहे की. चहा सांडलात तेव्हाच ओळखलं."

"लबाड आहात हो!" ती हसतच सुटली. तेवढ्यात दादाचा मेसेज आला: काढलास का? तिनं लिहिलं: नाही. ठेवणार आहे. आणि पाठवूनही टाकलं.

पालीची गाडी लागली. तो पायरीवर चढला, तशी ती पुढं धावली. "ऐका ना... लेख हजारदा उघडलाय असं दिसतं. खरंच कुणी वाचत असेल का हो?"

"त्यातले शंभरेक वेळा मीच." तो दांडीला धरून वळला. "धडा तर दुसऱ्याच दिवशी पाठ झाला होता... नंतर तुमचा फोटोच बघत होतो."

कंडक्टरनं घंटी मारली. सानिकाचे गाल तापले. गाडी हलली, तशी ती ओरडली, "अहो सर... उद्या तास कितीला आहे?"