पाठीवर दोन थापा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीवर गुदरलेला प्रसंग आहे, आणि त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

घरात तिला सगळे ताई म्हणतात. एका लॅबसाठी ती घरोघर जाऊन तपासणीचं रक्त गोळा करते. रोज उठून रक्तच बघणारी बाई. ती उगाच घाबरत नाही, एवढं आधी ध्यानात घ्या.

आणि हे रात्री घडलं नाही. मंगळवार होता. दुपारचे पावणेतीन. शाळेच्या फाटकासमोर, लख्ख उन्हात.

सुरुवात मात्र महिनाभर आधीची.

ताईकडे बॅटरीवर चालणारी स्कूटर आहे. स्वस्तातली. भावोजी तिला 'खेळणं' म्हणायचे. चढावर सायकलवाले हात हलवत पुढे जातात, असं पाहुण्यांना रंगवून सांगायचे. पण ताईचं सगळं काम त्या खेळण्यावर. सकाळी दहा-बारा घरं, मग लॅब, आणि दुपारी शाळेतून मुलीला घेऊन घर.

मुलगी आठ वर्षांची. अंगानं इतकी किरकोळ की सगळे तिला काडी म्हणतात. मागे बसली तरी पत्ता लागत नाही. एकदा ती बसायच्या आतच ताईनं स्कूटर पुढे काढली आणि पोरीचे दोन्ही गुडघे फुटले.

तेव्हापासून नियम ठरला. ताईनं विचारायचं, "बसलीस का?" हेल्मेटमध्ये काडीचं 'हो' ऐकू यायचं नाही, म्हणून तिनं आईच्या पाठीवर दोन थापा मारायच्या. मगच स्कूटर हलणार.

थप. थप.

पुढे जुनी बॅटरी दमली. दुपारपर्यंत पुरेना. गॅरेजवाल्या काकांनी भंगारात आलेल्या एका स्कूटरची मोठी बॅटरी बसवून दिली. त्याच स्कूटरची पाठ टेकायची मागची सीटही लावली, पोरीला बरं पडेल म्हणून. ताई हरखून गेली. आता चढावर सायकलवाल्यांना तीच मागे टाकू लागली.

पहिला आठवडा छान गेला. ताईला वेगाच्या मीटरचे आकडे पाठ झाले. शाळेकडून परतताना पाण्याच्या टाकीपाशी एकटी असली की चाळीस. काडी मागे असली की अडतीस.

मग एका दुपारी काडी तापानं घरी होती. ताई लॅबमधून एकटीच परतत होती. टाकीपाशी तिनं मीटर पाहिला...

अडतीस.

नवी बॅटरी आहे, रुळायला वेळ लागेल, असं तिनं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही अडतीस. तिसऱ्या दिवशीही.

मग मागे पाय ठेवायच्या दांड्या. काडीला शाळेत सोडलं की ताई त्या दुमडून ठेवते. एखाद्याच्या घरून रक्त घेऊन खाली आली, की त्या उघडलेल्या असायच्या. दोन्ही.

तरीही ती घाबरली नव्हती. चूक झाली ती सोमवारी सकाळी. एका आजोबांची शीर सापडता सापडेना, त्यात वीस मिनिटं गेली. ताई घाईघाईनं खाली आली, स्कूटरवर बसली आणि सवयीनं तोंडातून गेलं, "बसलीस का?"

स्वतःचंच हसू आलं तिला. काडी तर शाळेत होती.

आणि पाठीवर...

थप. थप.

तिनं वळून पाहिलं. सीट रिकामी. रस्ता नेहमीसारखा वाहत होता. संध्याकाळी तिनं भावोजींना सांगितलं. पाठीत उसण भरली असेल, म्हणाले, आणि मलमाची ट्यूब आणून दिली.

दुसऱ्या दिवशी तो मंगळवार.

शाळा सुटली होती. फाटकाशी ही गर्दी. ताईला आरशात काडी येताना दिसली. दप्तर, पांढरे मोजे. कुणीतरी मागून हॉर्न वाजवला. ताईनं पुढे बघत विचारलं, "बसलीस का?"

थप. थप.

ती निघाली.

काडी एरवी घरापर्यंत बडबडते. आज चकार शब्द नाही. रुसली असेल, ताईला वाटलं. त्या स्कूटरला आवाज नसतो, त्यामुळे शांतता फारच जाणवत होती. गतिरोधक आला तेव्हा मागून तिचा कुडता मुठीत घट्ट धरला गेला. नेहमीसारखाच. टाकीपाशी मीटर अडतीस. सगळं बरोबर होतं.

घरापाशी ताईनं स्टँड लावला आणि मागे वळली...

कुणी नव्हतं.

पोरगी वाटेत पडली, दुसरं काही सुचेना. तेवढ्यात फोन वाजला. शाळेचा वॉचमन होता. मुलगी अजून फाटकातच उभी आहे, आज कोण नेणार, म्हणून विचारत होता.

ताई कशी परत गेली, ते तिलाही सांगता येत नाही. काडी रडत नव्हती. नुसती बघत होती.

"आई, मी हाक मारली. तू आरशात बघितलंस माझ्याकडे. आणि तशीच गेलीस."

ताईनं तिला छातीशी धरलं. मग मागे बसवलंच नाही. पुढे, हँडल आणि आपल्यामध्ये उभं केलं. काडीचे दोन्ही हात हँडलवर होते. ताईच्या डोळ्यांसमोर. ताईनं काही विचारलं नाही. ओठ घट्ट मिटून घेतले.

आणि पाठीवर...

थप. थप.

स्कूटर तिथेच टाकून मायलेकी चालत घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी ती गॅरेजमध्ये नेली. ताई सोबत होती. बॅटरी काढा, सीट काढा, माझी जुनीच लावा, म्हणाली. काकांनी मुकाट्यानं काढलं. भंगारातली ती स्कूटर कुणाची होती, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी हात पुसायला बराच वेळ लावला.

"अपघातातली होती. चालवणारी बाई वाचली. मागे लेक बसली होती, लेकीला शोधा, असं सारखं म्हणत होती. पण ताई, तिची लेक तेव्हा घरीच होती."

जुनी बॅटरी, जुनी सीट. पंधरा दिवस काही नाही. मग एका दुपारी ताई एकटी परतत होती. टाकीपाशी आकडा पुन्हा दोननं कमी.

स्कूटर विकायची म्हणते, पण कुणाच्या गळ्यात बांधायची? त्यांच्याही घरी लेकरं असतील. आणि ते स्कूटरमध्ये आहे की ताईच्या पाठीशी, हे तरी कुणाला ठाऊक? 'बसलीस का?' असं विचारलं तर तिनंच होतं.

परवा ती मला म्हणाली, चल, सोडते तुला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं मी म्हटलं. खोटं बोललो.

ताई आता कुणालाच काही विचारत नाही. काडीला पुढेच उभं करते. पण पोर वाढतेय. तिचं डोकं ताईच्या हनुवटीला लागतं, रस्ता दिसत नाही. आई, मला मागे बसू दे ना, म्हणून रोज हट्ट करते.

पुढच्या वर्षी ती पुढे मावणार नाही.