उघाडीवरचा पंचा

सप्तमीचा रविवार. प्रणिता रोह्याहून एसटीने तिवरखारला पोचली तेव्हा तिचे वडील, केरू म्हात्रे, बांधाकडे निघालेच होते. तिने पिशवी पडवीत टाकली आणि त्यांच्यामागून चालू लागली.

बांधाच्या एका अंगाला धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला चौदा एकर तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान. वीस वर्षांपूर्वी उधाणाने बांधाला खांड पडली आणि गावाची भातशेती खारी झाली. त्या जमिनीत तिवरं उगवली. पुढे बांध नीट झाला, त्यात दगडी मोरी बसली. खाडीच्या तोंडाला लोखंडी दार आणि दार वरखाली करायला बांधावर चाक. गाव तिला उघाडी म्हणतं. दार वर असलं की भरतीचं पाणी रानात जातं आणि ओहोटीला परत येतं. ते चाक सांभाळण्याचं काम केरूने आपण होऊन घेतलं होतं.

शेत गेलं तेव्हा तोही इतरांसारखा कपाळाला हात लावून बसला होता. मग दोनचार वर्षांत रानात खेकडे, चिंबोऱ्या आल्या, जिताडा माशाची पिल्लं आली, आणि बांधाला पुन्हा खांड पडली नाही. तेव्हापासून तो तिवराचा माणूस झाला.

आता रान पिवळं पडत होतं. आतल्या पाण्याला कुजका वास येत होता.

"आतल्या तोंडाला कोणतरी मातीच्या गोणी भरतंय," केरू म्हणाला. "शिवाय दारही पाडून ठेवतंय. पाणी कोंडतंय. तिवराचं नाक चिखलात असतं, पोरी. महिनाभर बुडालं की झाड मेलं."

त्याने चाक फिरवून दार वर घेतलं, खांद्यावरचा पंचा काढून चाकाला गाठ मारली आणि खाडीच्या बाजूने मोरीत उतरला. या काठचा हा जुना रिवाज. पंचा चाकावर असेल तर खाली माणूस आहे. दुसरा कुणी आला तर त्याने तीन हाका मारायच्या. ओ आली नाही तर माणूस वर आला आणि पंचा विसरला असं समजून गाठ सोडायची, आणि पंचा ज्याचा त्याच्या घरी हातात नेऊन द्यायचा.

"बाबा, जपून," प्रणिता वरून म्हणाली. केरूने मागे पाहिलं नाही. दोन वर्षांपासून त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं.

"त्याला हाक नको मारूस," जेवताना तिची आई, हौसा, म्हणाली. "खडा मार. खड्याला लगेच वळतो."

केरू त्यांच्या तोंडांकडे बघून हसला. आपल्यावरच काहीतरी चाललंय एवढं त्याला कळलं होतं. प्रणिताने त्याच्यासाठी नवा पंचा आणला होता, पांढरा, बारीक लाल काठाचा. जुना फाटलेला हौसाने तिथेच पायपुसण्याला घेतला.

दुपारी तो तिला एसटीपर्यंत सोडायला आला. तिला त्याला एक गोष्ट सांगायची होती. ओरडून सांगण्यासारखी ती नव्हती, आणि एसटी आली.

मंगळवारी सकाळी रोह्याच्या वाचनालयात तिचा फोन वाजला. चिंबोऱ्या धरणाऱ्या बायजाबाईला खाडीकडच्या मुळांत केरू सापडला होता.

पोलिसांनी घाई केली नाही, पण वेळही लावला नाही. फौजदार सुजय ठाकूर तरुण होते, सभ्य होते. गावातला जुना शेतकरी कान्हू पाटील याने जबाब दिला होता, की सोमवारी चार वाजता केरू बांधावरून चालताना आपल्याला दिसला आणि भरती चांगलीच लागली होती. त्यानंतर केरूला कुणी पाहिलं नव्हतं. वय अडुसष्ट, कानाने अधू, बांध निसरडा. पाय घसरून खाडीत पडला, असं ठरत होतं.

प्रणिताने वडिलांचा हात एकदाच हातात घेतला. नखांत गाळ होता. काळा.

तिने कुणालाच काही सांगितलं नाही. घरी आईला फक्त विचारलं, "सोमवारी बाबा किती वाजता गेले?"

"ओहटीला. अष्टमी होती ना गो. अकरा वाजता गेला. जेवायला येतो म्हणाला." हौसाने कपाट उघडलं, बंद केलं. "आला नाय. मला वाटलं मिठागरावर बसला गप्पा मारत."

तिसऱ्या दिवशी कान्हू आला. केरूच्या शेजारचं शेत त्याचं. तीस वर्षं दोघांनी एकत्र बांध घातला होता. त्याने घडी घातलेला, लाल काठाचा पंचा हौसाच्या हातात दिला. बांधावर पडला होता, म्हणाला. मग निघताना प्रणिताजवळ थांबून हळूच बोलला, "दिवाळीत बोलली होतीस ते ध्यानात हाय ना गो?"

प्रणिता आत वळली.

तो गेल्यावर तिने पंचा उजेडात धरला. कोरडा होता. मधोमध चुण्या पडल्या होत्या, घट्ट गाठ बराच वेळ राहिल्यावर पडतात तशा. आणि चुण्यांच्या आतून गंजाचा पट्टा गेला होता, बोटभर रुंद.

ती उठून बांधावर गेली. उघाडीचं दार वर होतं. मोरीचं आतलं तोंड मोकळं होतं आणि दोन फाटक्या गोणी चिखलात पडल्या होत्या. तिने चाकाच्या कडीवर बोट फिरवलं. बोट तांबडं झालं.

दुसऱ्या दिवशी ती चौकीत गेली.

सुजय ठाकुरांनी तिचं ऐकून घेतलं आणि आधी जमिनीचा दलाल मिथुन याला बोलावलं. मिथुन पूर्वी धाटावला रसायनांच्या कंपनीत शिफ्ट करायचा, आता गोदामवाल्या कंपनीसाठी जमिनी बघायचा. तिवरखारच्या चौदा एकरांवर कंपनीचा डोळा होता. पण उभ्या तिवराला कायद्याने हात लावता येत नाही, आणि येत्या सोमवारी मोजणी होती. झाडं मेलेली निघाली तर जमीन मोकळी, अशी गावाची समजूत होती. केरू सोडून सगळ्यांनी संमती दिली होती.

"सोमवारी दुपारी कुठे होतास?"

"पेणला, तहसीलमध्ये. सकाळी अकरा ते चार. साहेब, तिथे कॅमेरे आहेत, बघा."

"उघाडी बंद करायला कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणाला नाही. मला सांगायला लागलंच नाही. गावालाच घाई होती." मिथुन खुर्चीत पुढे सरकला. "त्या चाकाला मी कधी हात लावलेला नाही. कसं फिरवतात तेही माहीत नाही."

कॅमेऱ्यांत तो होता. ठाकुरांनी प्रणिताकडे पाहिलं. ती म्हणाली, "तो नव्हेच. त्याने पंचा खाडीत फेकला असता."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते दोघं कान्हूच्या पडवीत बसले होते. हौसाही आली होती, कुणी न बोलावता. कान्हूने चहा मांडायला सांगितला. ठाकूर नको म्हणाले.

"काका," प्रणिता म्हणाली, "तुम्ही बाबांना चार वाजता बांधावर पाहिलं?"

"व्हय."

"अष्टमीला तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास सहा निघतो. म्हणजे ओहोटी बाराला. हे मला तुम्हीच शिकवलंत, मी सात वर्षांची असताना. चार वाजता मोरीत गळ्याएवढं पाणी असतं. तेव्हा आत कुणी जात नाही. जाईल का?"

"नाय."

"बाबांच्या नखांत काळा गाळ होता. खाडीचा गाळ राखाडी असतो. काळा गाळ फक्त आतल्या कुजक्या पाण्यात आहे. ते खाडीत बुडालेच नाहीत. मोरीत बुडाले, बाराच्या आसपास, गोणी ओढताना. चारला ते जिवंत नव्हते."

कान्हू जमिनीकडे बघत होता.

"गोणी सुटल्या, आतलं पाणी आलं. एरवी ते खाडीकडे वाहून गेलं असतं आणि बाबाही पोहत बाहेर आले असते. पण मागे खाडीकडचं दार खाली पडलेलं होतं. दार आपोआप पडत नाही, चाक फिरवावं लागतं. आणि चाकावर पंचा होता. तो नवा होता, काका. मी रविवारी आणलेला. सोमवारी बाबांनी तो पहिल्यांदाच नेला. त्याच्यावर गंज एकाच दिवसाचा आहे. गाठ बाबांनी मारली. सोडली दुसऱ्या कुणी."

"म्हणजे मीच कशावरून?"

"तुम्ही तो घरी आणून दिलात म्हणून. बाहेरच्याने फेकला असता, जाळला असता. चाकावरून सोडलेला पंचा हातातच नेऊन द्यायचा, हे तुमच्या हाडात आहे. तुम्हाला तो ना टाकवला, ना ठेववला."

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"मी तीन हाका मारल्या," कान्हू म्हणाला.

हौसाने मान वर केली.

"देवाशपथ, वैनी. तीनदा मारल्या. केरू, केरू, केरू. ओ नाय आली. रिवाजापरमाणं पंचा सोडला. वाटलं, विसरून गेला."

"त्याला ऐकायला येत नव्हतं," हौसा म्हणाली. अगदी साध्या आवाजात, जणू कान्हूला ते नव्यानेच सांगत होती. "तूच त्याला बहिरोबा म्हणायचास."

ठाकूर पुढे झुकले. "दार पाडल्यावर आतून काही आवाज आला?"

कान्हूने हौसाकडून नजर काढून घेतली.

"मंगळवारी बाबा खाडीकडे सापडले, म्हणजे दार वर घेतलेलं होतं," प्रणिता म्हणाली. "ज्याला झाडं मारायची तो दार वर कशाला घेईल? मेलेला माणूस बाहेर जाऊ दे म्हणूनच. तुम्ही संध्याकाळी परत गेलात. पंचा विसरला असं वाटलं असतं, तर सोमवारीच आईच्या हातात दिला असतात. तीन दिवस ठेवलात."

कान्हूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जे बोलला ते अर्धं बोटांमधून आलं. वीस वर्षं सातबाऱ्यावर नाव आणि डोळ्यांसमोर चिखल. ना भात, ना मीठ. पोरगा धाटावच्या गॅसमध्ये खोकून खोकून घरी बसलेला. एका माणसाच्या सहीवर गाव अडकलेलं, आणि तो माणूस चिंबोऱ्यांच्या गोष्टी सांगतो. हाका मारताना आपल्याला सगळं माहीत होतं, हे त्याने कबूल केलं नाही. नाकारलंही नाही.

ठाकूर त्याला घेऊन गेले. जीपमध्ये चढताना त्याने चपला काढून ठेवल्या, कुणाच्या घरात शिरावं तशा.

सोमवारी मोजणी झाली. प्रणिता मोजणीवाल्यांबरोबर रानात फिरली. दार आता रोज वर असायचं, पाणी ये-जा करत होतं, पण चिखलातली खिळ्यांसारखी मुळं हात लावताच मऊ पडत होती आणि साल सुटून येत होती. वनखात्याच्या माणसाने खोडावर सुरी मारली, आत तपकिरी निघालं. त्याने वहीत लिहिलं. बायजाबाई टोपली घेऊन बांधावर उभी होती. टोपलीत चार चिंबोऱ्या होत्या, नखाएवढ्या. पुढच्या मोठ्या उधाणाला, माती धरून ठेवणारं रान नसताना, बांध टिकेल का, हे तिने कुणालाच विचारलं नाही.

प्रणिता घरी परतली तेव्हा हौसा उंबऱ्याशी बसली होती. मिथुन येऊन गेला होता. वारस म्हणून आता प्रणिताच्या सहीचा कागद त्याने ठेवला होता.

"एक कळत नाय मला," हौसा म्हणाली. "केरू मेला म्हणून कान्हूला काय मिळालं असतं? जमीन तर त्याने तुझ्या नावावर लिहून ठेवलेली. तू थोडीच सही देणार होतीस."

प्रणिता तिच्यासमोर जमिनीवर बसली. आईला नीट ऐकू येत होतं, तरी ती मोठ्याने बोलली.

"दिवाळीत त्यांनी मला विचारलं होतं, आई. मी म्हटलं, बाबा आहेत तोवर विषय काढू नका. ते गेले की मी सही करीन."