गॅलरीतला रिमोट

रंजना गेल्याचं मला शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला कळलं. वॉचमन जनू दोन जिने धावत चढून आला आणि दारातूनच म्हणाला, "सायेब, बाय गारीत हायत. उठत नायत." जनू बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा. गाडीला तो गारी म्हणतो. मी चपला न घालता खाली गेलो.

आमची इमारत बदलापूरला, कात्रपमध्ये आहे. गाडी कंपाउंडच्या भिंतीलगत शेवग्याखाली उभी असते. रंजना ड्रायव्हरच्या सीटवर होती. डोकं पुढे झुकलेलं होतं आणि उजव्या हाताची बोटं दाराच्या आतल्या कडीत होती. सगळी दारं लॉक होती. मी परत वर जाऊन रिमोट आणला, तेव्हा ती उघडली.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. चारच्या सुमारास आला असावा. "तुम्हाला काही आवाज, हाक वगैरे आली नाही का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मी झोपलो होतो. मला काही ऐकू आलं नाही."

हे खोटं होतं.

गाडी अठरा वर्षांची आहे. तिचा चोरीचा अलार्म आम्ही नंतर उल्हासनगरला बसवून घेतला होता. गेल्या दिवाळीपासून तो बिघडला. मांजर बॉनेटवर बसलं, शेवग्याची शेंग पडली, काहीही झालं की वाजायचा. दुपारी चारला तर हमखास. सोसायटीचे सेक्रेटरी शशिकांत ग्रुपवर लिहायचे, "हेमचंद्ररावांच्या गाडीला चहा द्या रे कोणीतरी." रंजना म्हणायची, "अहो, जाऊन काढून टाका एकदाचा. लोकांना तोंड दाखवायला लाज वाटते." मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात.

रिमोट एकच उरला होता. तो गॅलरीच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असायचा. कोणाला गाडी उघडायची असली की तो खाली जाणार आणि दुसरा गॅलरीतून बटण दाबणार, अशी आमची सवय पडली होती. अलार्म वाजला तरी तेच. एक बटण दाबलं की आवाज बंद व्हायचा आणि दारंही लॉक व्हायची. खाली जायची गरज नव्हती.

त्या शुक्रवारी वीज नव्हती, म्हणून मी गॅलरीत खाटेवर पडलो होतो. रंजनाला पहिल्या मजल्यावर विनिताकडे पापड लाटायला जायचं होतं आणि तिचा चष्मा गाडीत राहिला होता. जाताना ती म्हणाली, "मी चष्मा घेऊन तशीच विनिताकडे जाते. पाच मिनिटांनी लॉक करा." खालून तिने "अहो, उघडा," म्हटलं. मी उघडली. पाच मिनिटांनी पडल्या पडल्याच लॉक केली. कठड्यापाशी जाऊन खाली पाहिलं नाही.

मग अलार्म वाजला. मी बटण दाबलं. खाली लॉक पडल्याचा टक् असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी चिडून शिवी दिली आणि दाबलं. नंतर वाजला नाही.

लॉक केलेल्या गाडीचं दार आतून उघडू पाहिलं तरी तो अलार्म वाजतो. हे मला माहीत होतं.

तेराव्याला मुलगी मीनल माझ्याजवळ बसली. ती पुण्याला असते. म्हणाली, "बाबा, आईने हाक मारली असेल ना कोणाला तरी?"

"मी झोपलो होतो गं."

तिने माझा हात हातात घेतला. "तुमची काही चूक नाही. तुम्हाला कसं कळणार?" ती बराच वेळ हात धरून बसली होती. तेव्हाच सांगायचं होतं.

ती पुण्याला परत गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी विनिता वर आली. दारातच उभी राहिली. "काका, राग मानू नका. तुमची गाडी वाजतेय केव्हाची. आता आम्हाला जरा... नको वाटतं ऐकायला."

मी म्हणालो, "कुठे वाजतेय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी गॅलरीत गेलो. खाली गाडीचे चारही दिवे उघडझाप करत होते. समोरच्या इमारतीतल्या बाईने खिडकी ओढून घेतली. मला कावळा ऐकू येत होता, कोणाच्या तरी घरातला मिक्सर ऐकू येत होता. गाडीचा आवाज नव्हता. मी रिमोट दाबला. दिवे थांबले. मागून विनिता म्हणाली, "हां, बंद झाली."

दुसऱ्या दिवशी मी पावणेचारपासून गाडीजवळ उभा राहिलो. चारला काही मिनिटं कमी असताना दिवे लागले. भिंतीवरचं मांजर उडी मारून पळालं. जनूने दोन्ही कानांवर हात ठेवले. त्याचं तोंड हलत होतं आणि मला त्याचे शब्द स्वच्छ ऐकू येत होते. "सायेब, बंद करा की, डोकं फुटंल." तो ओरडत होता. इतक्या शांततेत तो का ओरडतोय, असं मला वाटलं. मी बॉनेटवर हात ठेवला. पत्रा थरथरत होता.

त्या दुपारी तीनदा वाजली. म्हणजे, तीनदा जनूने कानांवर हात ठेवले.

मोरिवलीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं बॉयलरवर काढली. तिथे दर वर्षी कान तपासायचे, त्यामुळे बहिरेपणाची मला भीती होतीच. मी अंबरनाथला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी बारीक बारीक आवाज ऐकवले. कागद बघून ते हसले. "बॉयलरवर होतात म्हणता? पंचविशीतल्या पोरांचे असे कान नसतात, काका."

शनिवारी मी गाडी उल्हासनगरला नेली. अलार्म ज्याने बसवला तो परसराम अजून त्याच दुकानात होता, नुसते केस पिकले होते. गाडी ओळखून म्हणाला, "अरे साहेब, भाभीजी नहीं आई? हर बार वोही भाव करती थी."

मी म्हणालो, "नाही आली." त्यालाही सांगितलं नाही.

त्याने बॉनेट उघडून भोंग्याचा डबा बाहेर ओढला. डब्याच्या मागे दोन वायरी होत्या आणि त्यांना पुढे काहीच नव्हतं. टोकांवर हिरवट पांढरी बुरशी चढली होती. परसरामने बोटाने ती खरवडली. "साहेब, ये तो कब का मरेला है. छे महिने से आवाज नहीं किया होगा."

"रोज वाजतो. सगळी सोसायटी सांगते."

"किसी और की होगी." मग माझा चेहरा बघून तो मराठीत हळूच म्हणाला, "साहेब, बसा जरा. पाणी देऊ?"

भोंगा त्याने पिशवीत घालून दिला. अलार्मचा मेंदू म्हणतात तो कंट्रोल बॉक्सही काढला. रिमोटमधला सेल मी स्वतः काढून त्याच्या टेबलावर ठेवला. घरी येऊन रिकामा रिमोट सवयीने खिळ्याला लावला.

चारला दाराची बेल वाजली. जनू होता. त्याने खाली बोट दाखवलं.

मी त्याला पिशवीतला भोंगा दाखवला. त्याने तो हातात घेतला, उलटा केला, परत दिला. म्हणाला, "सायेब, ही गारी आता ठेवू नका."

मग तो तिथेच घुटमळला. "एक सांगू? त्या दिशी पन अशीच वाजली. तीनदा. मी म्हनलं, रोजचंच हाय. गेलो नाय मी." त्याचे डोळे भरले होते. "तुमी तर झोपलेले. मी जागा व्हतो."

मला बोलता आलं असतं. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं. मी त्याला म्हणालो, "जाऊ दे जनू. तुझी काय चूक." मीनल मला जे म्हणाली होती तेच मी त्याला म्हणालो आणि दार लावून घेतलं.

सोमवारी गाडी भंगारात दिली. ट्रकला दोर बांधून ती ओढत नेली. शेवग्याखाली तेलाचा काळा डाग आणि चार चाकांच्या जागा राहिल्या. रंजनाचा चष्मा ड्रायव्हरच्या सीटखाली सापडला होता. तो मी कपाटात ठेवला.

मंगळवारी चारला कोणी आलं नाही. मी गॅलरीत उभा होतो. खाली जनू खुर्चीत पेंगत होता. मांजर भिंतीवर होतं. विनिताच्या घरातून भांड्यांचे आवाज येत होते. बऱ्याच दिवसांनी मी स्वतःसाठी चहा केला.

कप हातात घेतला आणि फोन वाजला. मीनल होती.

"जेवलात का नीट? काय करताय?"

"चहा पितोय."

"बरं. बाबा, मी म्हणत होते, मे महिन्यात इकडेच या. एकटे नका..." ती थांबली. "बाबा, गाडी वाजतेय ना तुमची?"

मी कठड्यापाशी गेलो. खाली जनू पेंगतच होता.

"केवढ्याने वाजतेय. मला तुमचं काही ऐकू येत नाहीये. बंद करा ना आधी."

गाडी भंगारात दिल्याचं मी तिला कळवलं नव्हतं. आईची गाडी का दिलीत, असं तिने विचारलं असतं.

मी खिळ्यावरून रिमोट काढला. मागचं झाकण उघडून पाहिलं. आत सेल नव्हता. बटण दाबलं.

"हां, थांबली," मीनल म्हणाली. "तर मे महिन्यात..."

मग म्हणाली, "परत लागली बघा."

मी दाबलं.

तिसऱ्या वेळी ती काही म्हणाली नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. आवाज सुरू झालाय हे मला तेवढ्यावरून कळलं. बटणावर माझा अंगठा होता. न दाबता तिला सगळं सांगता आलं असतं.

मी दाबलं.



"बाबा," ती म्हणाली, "आता टक् असं काय वाजलं? लॉक पडल्यासारखं."

"काही नाही," मी म्हणालो. "कप ठेवला."

त्यानंतर मीनल रोज फोन करते. ऑफिसातून तिला चारलाच वेळ मिळतो.

तिला मी अजून सांगितलेलं नाही.