तेविसाव्या ओळीतला सहा

सोमवारी सकाळी दहा चाळीसला गणितवाले छापखान्याच्या तपासणीच्या खोलीत आले, प्रूफ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले की, तेविसाव्या ओळीत सातच्या जागी सहा पडलाय.

प्रूफरीडरने मान वर केली नाही. अकरा वर्षांत तिच्या नजरेतून साधा अनुस्वार सुटला नव्हता.

संख्या एकवीसशे अंकांची, बेचाळीस ओळींची. गणितवाल्यांना ती दोन वर्षांच्या शोधानंतर सापडली होती, आता संस्थेच्या ग्रंथात अख्खी छापायची होती. तीन आठवड्यांपूर्वी ते फक्त कागद द्यायला आले होते. त्या दिवशी मजकूर वाचून दाखवणारा रजेवर होता, म्हणून स्वतःच वाचायला बसले. ते पाच अंक वाचत, ती पेन्सिल पुढे सरकवत “हं” म्हणे. ओळ संपली की दोघांची नजर एकदमच वर येई. या संख्येत एवढं काय आहे, असं तिनं विचारलं होतं. एक आणि ती स्वतः सोडली तर हिला कशानेच भाग जात नाही, असं ते म्हणाले. “हट्टीच आहे म्हणायची,” ती म्हणाली. ते इतके हसले, की फोरमनकाका दारात येऊन उभे राहिले.

शेवटच्या प्रूफवर सही झाली की येणं-जाणं संपणार होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, बोललं कोणीच नव्हतं.

“सहा राहिला असता तर अंकांची बेरीज तीनच्या पाढ्यात बसली असती,” ते आता म्हणाले. “म्हणजे तीनने भाग गेला असता. दोन वर्षं पाण्यात.”

तिनं पेन्सिल खाली ठेवली. “मला दिसला होता. शनिवारीच.”

“मग खूण…?”

“खूण केली असती तर काकांनी तिथल्या तिथे बदलला असता. तुम्ही सही करून प्रूफ शिपायाबरोबर पाठवलं असतं. स्वतः कशाला आला असतात?”

“आणि मला सापडलाच नसता तर?”

“तुम्ही घरी जाऊन बेरीज केल्याशिवाय राहणार नव्हता.” तिनं पेन्सिल पुन्हा उचलली. “पण… एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं तुम्हाला.”

गणितवाले छताच्या पंख्याकडे बघू लागले. कान लाल झाले होते.

“आलं असतं,” ते म्हणाले.

काकांनी सहाचा सात करून नवं पान आणलं. मशीन थांबलंय, सही द्या, म्हणाले. गणितवाल्यांनी पेन काढलं, पुन्हा टोपण लावलं. ही संख्या शेवटाकडून वाचली तरी मूळ संख्याच राहते, तेव्हा एकदा उलटीही वाचून बघायला हवी, असं त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं.

“पुढून सांगा, मागून सांगा, ऐकायची नाही ती,” प्रूफरीडर म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढून दिली.

काकांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मशीनवर दुसरं काम चढवायला सांगितलं.

सायंकाळी पाचपर्यंत उलट्या वाचनाच्या अकरा ओळी झाल्या होत्या. सही झालेली नव्हती.