ड्राय बाल्कनीतली वंदना

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर सांगायला सोपी गेली असती.

कारण आमच्यात भूत मानत नाहीत. दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या पणजोबांनी नवस, अंगारे, भूतखेत सगळं गावाच्या वेशीबाहेर टाकलं. मग आमच्या घरात असं काही घडलं तर माणसाने जायचं कुणाकडे? मांत्रिक नाही, गुरुजी नाहीत. उरतो डॉक्टर.

आणि डॉक्टर म्हणतो, मुलगी ठणठणीत आहे.

जिच्या घरात हे घडलं ती अनुया, माझी मावसबहीण. नावं बदललेली आहेत. आडनाव तर त्या घराने आधीच बदललं होतं.

जागा खांदा कॉलनी, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दिवस मागच्या वर्षीची माघ पौर्णिमा, बुधवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती...

पण आधी त्या दाराबद्दल सांगायला हवं.

अनुया एम.कॉम. झालेली. नवरा जीवन उरणला एका शिपिंग कंपनीत. मुलगी तीन वर्षांची, ऋचा. आजीने सुचवलेलं नाव वेगळं होतं, ते दाखल्यावर आलं नाही. दारावरच्या पाटीवर जीवनच्या गावावरून केलेलं 'कर' लावलेलं आडनाव. कुणी खोदून विचारलं नाही, अनुयाने सांगितलं नाही.

तिला लाज वाटायची असं नाही. भीती वाटायची.

पाचवीत असताना ती एका मैत्रिणीकडे पाणी प्यायली होती. दुसऱ्या दिवशी तोच पेला तिला गॅलरीतल्या कुंडीजवळ दिसला. झाडांना पाणी घालायला काढलेला. अनुया कुणाला काही बोलली नाही, पण तो पेला तिच्या डोक्यातून गेला नाही. ऋचाच्या वाट्याला असा पेला येऊ द्यायचा नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

सासरे वारल्यावर सासूबाई, आशालताबाई, माणगावकडच्या गावातून इथे राहायला आल्या. येताना पिशवीत पांढरी साडी, वीतभर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. दर पौर्णिमेला त्या अष्टशील घ्यायच्या. दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. संध्याकाळी मेणबत्ती, उदबत्ती लावून वंदना. कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे आवाज खणखणीत. पहिल्याच पौर्णिमेला तो आवाज खाली पार्किंगपर्यंत गेला.

दुसऱ्या पौर्णिमेच्या आधी अनुयाने त्यांची जागा बदलली.

स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी होती. वॉशिंग मशीन, वर एक फळी, मागे पाइपांचा उभा डक्ट. तिथून आवाज कुठे जात नव्हता. तिने फळी पुसून मूर्ती तिथे ठेवली. सांगणं तिला जड गेलं, पण सासूबाईंनीच ते सोपं केलं.

"चालंल गो. आमी गोठ्याशेजारी बसून वंदना केली हाय. मशीन काय वाईट नाय. कोन इचारलं तर सांग, म्हातारी कपडे धुते."

म्हणाल्या हसतच. पण त्यानंतर त्यांनी त्या फळीकडे बघत बराच वेळ पदराला गाठी मारल्या आणि सोडल्या.

डक्टच्या वाऱ्याने ते दार सारखं उघडायचं. म्हणून अनुया स्वयंपाकघराच्या बाजूने कडी लावायची. ठरलेलं होतं, वंदना संपली की आई, म्हणजे सासूबाई, आतून दोनदा थाप मारणार.

थप... थप.

मग अनुया कडी काढणार. वर्षभर हे असंच चाललं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. निदान कुणी तसं बोललं नाही.

आता ती माघ पौर्णिमा.

सोसायटीत त्या दिवशी सत्यनारायण होता. समोरच्या फ्लॅटमधल्या वसुंधराकाकू आणखी दोघींना घेऊन प्रसाद द्यायला आल्या. काकू तशा मायेच्या. ऋचाला रोज काहीतरी डब्यातून आणून द्यायच्या. तिघी सोफ्यावर बसल्या. अनुयाने चहा टाकला.

आतून वंदना सुरू झाली होती.

त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं, तीनदा म्हणतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एकदा म्हणायचं. मग 'दुतियम्पि', म्हणजे दुसऱ्यांदाही. मग 'ततियम्पि', तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा झाल्याशिवाय ते पुरं होत नाही.

अनुयाने पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्यांदा ऐकलं.

आणि मग... काहीच नाही.

तिला हायसं वाटलं. हे तिने मला स्वतः सांगितलं. तिला पहिल्यांदा वाटलं ते हायसंच.

चहा गाळताना आतून आवाज आला.

थप... थप.

वंदना इतक्या लवकर संपत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण हॉलमध्ये तिघी बसलेल्या. दार उघडलं तर पांढऱ्या साडीतल्या आई बाहेर येणार, मागे उदबत्तीचा वास आणि फळीवरचं सगळं दिसणार.

"कसला गं आवाज?" काकूंनी विचारलं.

"मशीन चालू आहे," अनुया म्हणाली.

त्या चाळीस मिनिटं बसल्या. थाप पुन्हा आली नाही.

कडी काढली तेव्हा आई मशीनला टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे. उजवा हात दाराकडे. मेणबत्ती पूर्ण जळून गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. विहारातली मंडळी म्हणाली, पौर्णिमेला वंदना करता करता गेल्या, केवढं पुण्य. शोकसभेत तेच पुन्हा पुन्हा बोललं गेलं आणि जीवन रडता रडता मान डोलवत राहिला.

कडीचं अनुयाने कुणालाच सांगितलं नाही.

फाल्गुन पौर्णिमेला खाली होळी पेटली. जीवन ऋचासाठी पिचकारी आणायला बाहेर गेला होता. अनुया पुरण वाटत होती. एकदम तिला उदबत्तीचा वास आला.

घरात उदबत्ती नव्हती. पुडा संपून महिना झाला होता.

मागे वळली, तर ऋचा ड्राय बाल्कनीच्या बंद दारासमोर मांडी घालून बसलेली. हात जोडलेले. आणि ती म्हणत होती. तीन वर्षांची पोर, तिला धड 'रेल्वे' म्हणता येत नव्हतं. पण पाली शब्द लख्ख येत होते. एक ओळ म्हणायची... थांबायची... मान कलती करून ऐकायची... मग पुढची ओळ.

वंदना अशीच घेतात. एक जण सांगतो, बाकीचे मागून म्हणतात.

ऋचा मागून म्हणत होती.

पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. मग ती गप्प झाली आणि दाराकडे बघत बसली.

दारावर आतून थाप पडली. थप... थप.

अनुयाने धावत जाऊन कडी काढली. आत मशीन होतं, फळी होती. फळी रिकामी, मूर्ती तर तिने कधीच कपाटात ठेवली होती.

जीवन आल्यावर तिने त्याला सांगितलं, कडीचं सोडून. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अनू, आपल्यात हे मानत नाहीत. आई असती तर तिनेच तुला झापलं असतं."

खरंच झापलं असतं. अमावस्येला नारळ उतरवणाऱ्यांची त्या आयुष्यभर टिंगल करत आल्या होत्या. त्या मेल्यावर कुणाला त्रास देतील असं अनुयालाही वाटत नव्हतं. म्हणून तर ती जास्त घाबरली. त्या त्रास द्यायला आल्या नसतील, तर मग कशाला आल्या होत्या?

दुसऱ्या दिवशी तिने सुतार बोलावून कडी काढून टाकली. भोकंसुद्धा पुट्टी भरून बुजवली.

चैत्र पौर्णिमेला सातच्या सुमारास ती ऋचाला मांडीवर घेऊन हॉलमध्येच बसली. दोन्ही हातांनी घट्ट धरून. बाकी काही झालं नाही. वास नाही, आवाज नाही.

फक्त सात वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून... कडी लागल्याचा आवाज आला.

मग आली वैशाख पौर्णिमा. आमचा सगळ्यात मोठा दिवस. घरोघरी खीर होते. अनुयाने खीर केली नाही. जीवन विहारात गेला होता. तो ऋचाला नेणार होता, पण आयत्या वेळी अनुयाने तिला ठेवून घेतलं. विहाराबाहेर फोटो काढतात, ते ग्रुपवर येतात, सोसायटीतलं कुणीतरी बघतं.

ऋचा हॉलमध्ये ठोकळे खेळत होती. अनुया मिनिटभर बेडरूममध्ये कपडे ठेवायला गेली.

परत आली तर ठोकळे होते, ऋचा नव्हती.

ड्राय बाल्कनीचं दार लागलेलं होतं. तिने ढकललं. हललं नाही. खांदा लावला. हललं नाही. त्या दाराला कडी नव्हती, आतूनही नव्हती, बाहेरूनही नव्हती.

आतून ऋचाचा आवाज आला. शांत. मोठा. आजीच्याच चालीत.

पहिल्यांदा...

आणि दारावरची बेल वाजली.

वसुंधराकाकू पन्ह्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. "अगं, घाम किती आलाय तुला. कोण म्हणतंय गं आत?"

दुसऱ्यांदा...

अनुयाला तेव्हा सगळं सांगता आलं असतं. ऋचा अडकलीय, दार ढकलायला या, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. काकू धावत आल्या असत्या. तिने तोंड उघडलं. आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"काही नाही काकू. मोबाईल चालू आहे."

आतला आवाज तुटला.

काकू गेल्या. अनुया मागे वळली तेव्हा ड्राय बाल्कनीचं दार सताड उघडं होतं.

ऋचा मशीनला टेकून बसली होती. उजवा हात दाराकडे. तोंड उघडं, जसं काही पुढचा शब्द ओठांपर्यंत आला होता. डोळे आईवर.

तिला काही झालं नव्हतं. उचलल्यावर तिने पाणी मागितलं, पोळी खाल्ली, झोपली.

रात्री जीवन आल्यावर अनुयाने त्याला कडीचं सांगितलं. थापेचं, चाळीस मिनिटांचं, मशीनचं. सगळं.

त्याने एवढंच विचारलं, "थाप दोनदाच मारली होती?" अनुया हो म्हणाली. तो उठला आणि हॉलमध्ये जाऊन आडवा झाला. आजही तो तिथेच झोपतो.

ज्येष्ठ पौर्णिमेपासून अनुया स्वतः वंदना घेते. हॉलमध्ये. मूर्ती टीव्हीशेजारी, तसबीर दारासमोरच्या भिंतीवर. सगळ्या खिडक्या उघड्या. ड्राय बाल्कनीचं दार तिने बिजागरीपासून काढून भंगारवाल्याला दिलं.

पहिल्या वंदनेच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या.

"बरं झालं बाई, मोकळी झालीस," काकू म्हणाल्या. "आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तुझ्या सासूबाई लिफ्टमध्ये सगळ्यांना जय भीम घालायच्या. तू काही बोलत नव्हतीस, म्हणून आम्हीही नाही बोललो."

म्हणजे ती कडी कुणापासून लपवण्यासाठी होती?

काकू अजून हसून बोलतात. डबा मात्र तेव्हापासून आला नाही. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून, की दुसऱ्या कशामुळे, हे अनुयाला ठरवता येत नाही. डबा परत द्यायचा राहिलाय, तो तिने अजून ओट्यावर ठेवलाय.

ऋचा आता चार वर्षांची आहे. बडबडी आहे. बालवाडीच्या बाईंची एकच तक्रार आहे, आकडे कच्चे आहेत. एक, दोन... चार. कितीही घोकून घेतलं तरी एक, दोन... चार.

पौर्णिमेला ती न सांगता आईशेजारी येऊन बसते. हात जोडते. पहिल्यांदा म्हणते. दुसऱ्यांदा म्हणते.

तिसऱ्यांदा अनुया एकटीच म्हणते. ऋचाचे ओठ हलतात, आवाज येत नाही.

मी स्वतः पाहिलंय. मागच्या पौर्णिमेला मी मुद्दाम तिच्याकडे गेले होते, माझ्या लेकाला घरी ठेवून. येत्या रविवारी पुन्हा माघ पौर्णिमा आहे, आईंना वर्ष होईल. अनुयाने बोलावलंय. जावं की नाही, माझं ठरत नाहीये.

कारण त्या दिवशी वंदना झाल्यावर मी ऋचाला मांडीवर घेऊन विचारलं होतं. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. ड्राय बाल्कनीला दारच नव्हतं, चौकटीतून वारा येत होता. मी विचारलं, तिसऱ्यांदा का गं म्हणत नाहीस?

तिने त्या रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवलं.

"कशी म्हणू, मावशी? आईने दार लावलंय ना."